पतंगाला ढील कोणी द्यायची?

१९६४ साली मुंबई विद्यापीठाने माटुंग्यातल्या आपल्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या ‘यूडीसीटी’त, अवघ्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला थेट प्राध्यापक नेमले. त्यांचे नाव मनमोहन शर्मा. जन्म जोधपूरचा, शिक्षण याच विभागात, मग केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्या हाताखाली पीएचडी. निवड करणाऱ्यांपैकी कोणी ‘अनुभव किती वर्षांचा?’ एवढा एकच प्रश्न लावून धरला असता तरी प्रकरण तिथेच मिटले असते. तसे झाले नाही. पुढे शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले, विभागाचे संचालक झाले. पण त्याआधीच, नेमणुकीला पाच वर्षे होतात न होतात तोच, त्यांच्यापेक्षा सहाच वर्षांनी लहान असलेला एक विद्यार्थी त्यांच्याकडून पीएचडी घेऊन बाहेर पडला होता. गिरगावात, महापालिकेच्या शाळेत शिकून वर आलेला हा मुलगा म्हणजे रघुनाथ माशेलकर.

हल्ली कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘इनोव्हेशन’चे एक चकचकीत पान असते. त्या पानावर असल्या नेमणुकीला जागा मिळत नाही, कारण ती कोणत्याच योजनेखाली झालेली नसते. कोणीतरी जबाबदार माणसाने नियमाला मुरड घालून सही केलेली असते, एवढेच. कल्पना कुठल्याही कचेरीत, कारखान्यात मुबलक सापडतात. तुटवडा असतो तो अशा सहीचा, आणि फसले तर त्या सहीमागे उभे राहणाऱ्याचा. माटुंग्याच्या या संस्थेची आणि तिथून निघालेल्या माणसांची गोष्ट मला त्यासाठी सांगावीशी वाटते.

विभाग सुरू झाला १ ऑक्टोबर १९३३ रोजी. परळ-लालबागच्या गिरण्या तेव्हा जोरात होत्या. कापड इथे विणले जाई, पण ते रंगवायचे रंग परदेशातून येत आणि त्यामागचे शास्त्र जाणणारी माणसे इथे मोजकीच होती. म्हणून सुरुवातीला विषय दोनच ठेवले: वस्त्र रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. १९३८मध्ये के. वेंकटरामन पहिले भारतीय प्रमुख झाले, १९४३मध्ये विभाग माटुंग्याच्या जागेत आला. गिरण्यांचे भोंगे जिथे ऐकू येत त्या वस्तीच्या जवळच प्रयोगशाळा, हा योगायोग नव्हता. गिऱ्हाईक कोण हे आधी ठरले होते, शाखा मागून वाढल्या.

त्यातून एक सवय लागली. इथले प्राध्यापक कारखान्यांना सल्ला देत आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांत बाहेरचे काम करणाऱ्या प्राध्यापकाकडे ‘शिकवणे सोडून धंदा करतो’ अशा नजरेने पाहिले जाते. माटुंग्यात प्राध्यापक कारखान्यात जाई आणि परत येताना प्रश्न घेऊन येई. हे प्रश्न कसे असत याचा एक नमुना जरा जवळून पाहण्यासारखा आहे.

खतांच्या किंवा रसायनांच्या कारखान्यात एखादा वायू द्रवात शोषून घ्यायचा असतो. उंच मनोऱ्यात द्रव भरतात आणि खालून वायूचे बुडबुडे सोडतात. वायू किती वेगाने शोषला जाईल हे त्या सगळ्या बुडबुड्यांच्या एकूण पृष्ठभागावर अवलंबून असते. आता लक्षावधी बुडबुडे, लहान-मोठे, फुटणारे, एकमेकांत मिसळणारे. त्यांचे क्षेत्रफळ मोजायचे कसे? फोटो काढून मोजावे तर काचेलगतचेच दिसतात. डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी हाताळलेली युक्ती अशी की ज्याचा वेग आधीच अचूक ठाऊक आहे अशी एक रासायनिक क्रिया त्या मनोऱ्यात घडवून आणायची, उदाहरणार्थ कार्बन डायऑक्साइड आणि अल्कली. एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून सेकंदाला किती वायू आत जातो हे माहीत आहे. मनोऱ्यात एकूण किती गेला ते मोजता येते. भागाकार केला की क्षेत्रफळ हाती. १९६६ साली दोघांनी यावर लिहिलेला दीर्घ लेख रासायनिक अभियंते आजही उघडतात. प्रश्न कारखान्याचा होता आणि उत्तर शुद्ध विज्ञानाचे, आणि दोन्ही कामे करणारा माणूस एकच होता. संशोधन खाते आणि उत्पादन खाते वेगवेगळ्या इमारतींत बसवून त्यांच्यात दर महिन्याला ‘समन्वय बैठक’ ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

विद्यार्थ्यांनाही तीच हवा लागली. केकी घरडा इथलेच. गव्हातल्या तणावरचे आयसोप्रोट्युरॉन हे औषध स्वस्तात बनवण्याची पद्धत त्यांनी बसवली, आणि त्यांची कंपनी डोंबिवलीपासून लोटे परशुरामपर्यंत पसरली. डॉ. रेड्डीज उभी करणारे अंजी रेड्डीही इथे शिकले. यादी लांबवता येईल, पण यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या याद्या प्रत्येक संस्थेकडे असतात. त्याहून मला दुसरी साखळी महत्त्वाची वाटते. वेंकटरामन १९५७मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, ‘एनसीएल’चे, पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर १९६६मध्ये माटुंग्याचेच बा. द. टिळक आले. आणि १९८९मध्ये माशेलकर.

तेव्हाची एनसीएल ही नावाजलेली पण एका साच्यात बसलेली प्रयोगशाळा होती. आयात बंद, परकीय चलन कमी. परदेशात जे बनते ते आपल्या पद्धतीने बनवून दाखवायचे, हेच बहुतेक कामाचे स्वरूप होते. अशा कामात ‘हे आधी कोणी केले आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोयीचे असते. उत्तर असणार हे नक्की असते, मग पैसा मंजूर करणाऱ्यालाही निवांत झोप लागते. माशेलकरांनी प्रश्नच उलटा केला. राष्ट्रीय प्रयोगशाळेने आंतरराष्ट्रीय व्हावे, जगात कोणी केले नसेल ते करावे, त्याचे पेटंट घ्यावे आणि परदेशी कंपन्यांना विकावे, असे ते म्हणू लागले. नन्नाचा पाढा लावणारे पुष्कळ निघाले.

भाषणांनी हे साधत नाही हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी प्रयोगशाळेच्या पैशांतून थोडा भाग बाजूला काढला आणि त्याला नाव दिले ‘काइट फ्लाइंग फंड’. पतंग उडवण्यासाठी राखलेले पैसे. अट अशी की कल्पना धाडसी हवी, जमण्याची शक्यता फार कमी असली तरी चालेल, मात्र जमली तर मोठा फरक पडायला हवा. संक्रांतीला गच्चीवर उभे राहिलेल्या कोणालाही यातली मेख कळेल. वारा लागला की फिरकी धरणाऱ्याने ढील सोडायची असते. त्याने मांजा आवळून धरला तर पतंग गोते खातो, आणि वर शिव्या बसतात त्या उडवणाऱ्याला.

सरकारी प्रयोगशाळेत हे किती अवघड होते, हे ज्याने तीन कोटेशने मागवून एखादे साधे यंत्र खरेदी केले आहे त्याला वेगळे सांगायला नको. लेखापरीक्षक विचारतो, खर्च झाला, निष्पन्न काय? ‘हा मार्ग बंद आहे हे कळले’ हे उत्तर कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून संशोधक हमखास जमेल असाच प्रस्ताव लिहितो. अशा निधीची खरी किंमत रकमेत नसते. ‘कदाचित जमणार नाही’ हे वाक्य प्रस्तावात उघडपणे लिहिण्याची सोय त्याने होते. पुढे १९९५मध्ये माशेलकर एनसीएलसारख्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, ‘सीएसआयआर’चे, महासंचालक झाले, तेव्हा देशभरच्या प्रयोगशाळांसाठी त्यांनी अशाच हेतूचा निधी सुरू केला.

एनसीएलने पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या निर्मितीत अमेरिकेत पेटंटे घेतली. त्या क्षेत्रात अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक ही दादा कंपनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिने पुण्याशी संशोधनाचा करार केला, आणि २०००मध्ये बेंगळुरूला स्वतःचे मोठे संशोधन केंद्र उघडले. इथल्या संशोधकांचा दर्जा कळल्यावर कंपनीने स्वतःच इथे दुकान थाटावे, हे यश मानायचे की नुकसान, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला ते थोडे टोचते.

हमखास जमेल तेच करण्याच्या सवयीतून खासगी कंपन्या मोकळ्या असतात असे नाही. बहुतेक ठिकाणी नवेपणाची सोय म्हणजे कँटीनच्या दाराशी टांगलेली सूचनापेटी. तिचे कुलूप कोण उघडतो हे कोणालाच ठाऊक नसते. ज्यांनी गंभीरपणे घेतले त्यांनी वेळ दिला: अमेरिकेतल्या थ्रीएममध्ये तंत्रज्ञांना कामाच्या वेळेपैकी सुमारे पंधरा टक्के स्वतःच्या कल्पनेवर घालवू देण्याची प्रथा आहे. सहज निघणाऱ्या चिठ्ठ्यांचा अर्धवट चिकट गोंद तिथे १९६८मध्ये सापडला आणि त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर बाजारात आल्या १९८०मध्ये. बारा वर्षे कंपनीने तो गोंद टाकून दिला नाही. आपल्याकडे टाटा समूहाने २००६मध्ये नवकल्पनांची अंतर्गत स्पर्धा सुरू केली आणि पुढे तिच्यात फसलेल्या पण धाडसी प्रयत्नांसाठी वेगळे पारितोषिक ठेवले. पारितोषिकाने फार काही बदलते असे मी मानत नाही. पण फसलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की खाली बसलेल्या त्याच्या साहेबाला नंतर त्याचा गोपनीय अहवाल बिघडवणे जड जाते, हे मात्र खरे.

ढील देण्याबद्दल सगळे बोलतात. कल्पना मोठी करताना काय होते, याबद्दल कमी बोलले जाते. चंचुपात्रात ग्रॅमभर जमलेली क्रिया टनावर गेली की नवीच होते: उष्णता बाहेर पडत नाही, ढवळणे पुरत नाही, कच्चा माल रोज वेगळा येतो. माटुंग्याच्या संस्थेत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ऊर्जेसाठीचे एक केंद्र उभे राहिले. शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याची पद्धत तिथे विकसित झाली. तिचा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६मध्ये उत्तराखंडात काशीपूरला सुरू झाला, रोज दहा टन काडीकचरा पचवणारा. प्रयोगशाळा आणि मोठा कारखाना यांच्यामधल्या या पायरीला पैसा देणारे आपल्याकडे फार थोडे. सरकार म्हणते उद्योगाने द्यावा, उद्योग म्हणतो आधी चालवून दाखवा. घोडे अडते ते बहुधा इथेच.

आणि सगळेच प्रयोग एवढे खर्चिक नसतात. मेगाब्लॉकच्या घोषणेमुळे मध्य रेल्वेचा प्रवासी दर रविवारी ज्या माटुंग्याचे नाव ऐकतो, त्या स्थानकाचाच दाखला पाहा. जुलै २०१७मध्ये रेल्वेने तिथला सगळा कारभार महिलांकडे दिला. स्टेशन मॅनेजर, तिकीट खिडकी, तपासनीस, उद्घोषक, सुरक्षा दल मिळून ४१ जणी. नवे यंत्र आणले नाही, नवी भरती केली नाही. रेल्वेत आधीच असलेल्या कर्मचाऱ्यांना एका ठिकाणी आणले. जलद गाड्या सहसा जिथे थांबत नाहीत असे, तुलनेने आटोपशीर स्थानक निवडले, हे शहाणपणाचे. बेत फसला असता तर बदल्यांचे काही आदेश काढून दुसऱ्या आठवड्यात पूर्ववत करता आले असते. काशीपूरच्या टाक्या अशा उचलून परत आणता येत नाहीत. म्हणून दोन्ही प्रयोगांना एकच मंजुरी, एकच समिती आणि एकच फाइल लावणे हा वेळेचा अपव्यय आहे. जे सहज मागे घेता येते ते खालच्या माणसाने खालच्या सहीने करून पाहावे, वरच्यांनी आपला वेळ परतीची वाट नसलेल्या निर्णयांसाठी राखावा. आपल्या संस्थांत नेमके उलटे दिसते. शेकडो कोटींचा प्रकल्प एका बैठकीत मंजूर होतो आणि काउंटरवरच्या रांगेची दिशा बदलायला मुख्यालयाचे पत्र लागते.

लिम्का बुकने २०१८मध्ये माटुंग्याची नोंद घेतली, बातम्या झाल्या, फोटो छापून आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत जयपूरचे गांधीनगर स्थानक महिलांकडे सोपवले गेले, आणि ते उपनगरी नाही, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबणारे आहे.