गाडी जागेवर राहावी म्हणून : घरी, देवळापाशी, बाजारात



आज बोलायचं आहे ते सायकल, स्कूटर आणि मोटारसायकलच्या चोरीबद्दल. उदाहरणाला कुंभकोणम घेऊ. तंजावर जिल्ह्यातलं हे देवळांचं गाव. या भागात व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी घरं आहेत. कुंभेश्वर, सारंगपाणी, रामस्वामी, नागेश्वर अशी मोठी देवळं इथे जवळजवळ आहेत. माणूस गाडी बाहेर लावतो, चपला काढतो आणि आत जातो. तो लगेच परत येणार नाही, हे बाहेर उभ्या असलेल्या चोरालाही कळतं. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर, कुठेही जा, हेच आहे.

चोराला दोन गोष्टी हव्या असतात. एक, थोडासा निवांत वेळ. दुसरी, ती गाडी तुमची आहे हे पुढे सिद्ध होऊ नये. म्हणून आपली कामंही दोनच : त्याला वेळ मिळू द्यायचा नाही आणि गाडीची ओळख आधीच नोंदवून ठेवायची.

पहिलं काम कुलपाचं. कुठलंही कुलूप शेवटी तुटतं. पण ते तोडायला जितका वेळ लागेल आणि जितका आवाज होईल, तितका चोर शेजारच्या गाडीकडे वळण्याचा संभव जास्त. सायकलचं मागच्या चाकाचं छोटं कुलूप पुरेसं नाही, कारण सायकल तशीच उचलून नेता येते. जाड साखळी किंवा यू आकाराचं कुलूप घ्या आणि फ्रेम व मागचं चाक दोन्ही मिळून खांबाला किंवा गजाला बांधा. नुसतं पुढचं चाक बांधलं, तर चाक तिथेच राहतं आणि सायकल जाते.

मोटारसायकलला हँडल लॉक लावाच, पण त्याच्या जोडीला डिस्क लॉक किंवा साखळी हवी. डिस्क लॉक काढायला विसरून गाडी सुरू केली तर आपटाल, म्हणून हँडलला आठवणीची दोरी बांधा. जुन्या गाडीचं कुलूप झिजलं की भलतीच किल्लीही त्यात फिरते. असं झालं असेल तर लॉक सेट बदलून घ्या. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून किल्ली गाडीलाच ठेवायची सवय सोडा. तिथे कुलूप तोडण्याची गरजच उरत नाही.

घरी गाडी रात्री ओट्यासमोर, रस्त्यावर उभी असते. शक्यतो फाटकाच्या आत घ्या. ते जमत नसेल तर उजेडात लावा आणि खिडकीच्या गजाला साखळीने बांधा. किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका.

दुसरं काम ओळखीचं. मोटारसायकलला नंबर असतो, इंजिन आणि चासी क्रमांक असतो. सायकलला काय? पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत. तो गेला आणि सायकल बिननावाची झाली. तमिळनाडूत सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलांना सरकार मोफत सायकल देतं. शाळेबाहेर एकसारख्या सायकलींची रांग लागते. त्यातली एक गेली तर ती कुणाची, हे कसं सांगणार? आणि लांबच्या खेड्यातल्या मुलीची सायकल गेली, तर तिची शाळाच अडते. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात सायकल मिळालेल्या मुलींचंही तेच.

उपाय फुकटचा आहे. सायकल उलटी करा. बहुतेक सायकलींवर पायडलच्या धुरीखाली फ्रेमवर क्रमांक कोरलेला असतो. त्याचा फोटो काढा, बिल जपा आणि सीटखाली स्वतःची एखादी खूण करा. मोटारसायकलचं मूळ आरसी बुक डिकीत ठेवू नका. नाहीतर गाडीबरोबर कागदही चोराच्या हाती जातात. डिजिलॉकरमधली प्रत चालते.

एवढं करूनही गाडी गेलीच, तर त्याच दिवशी पोलिसांत जा. 1 जुलै 2024 पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदतात. यात्रेला गेलेल्यांनी लक्षात ठेवावं : झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो. तक्रार ऑनलाइन केली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

मग विमा कंपनीला कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा लागतो आणि कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते. पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं आहे.

पार्किंगची चिठ्ठीही जपा. किल्ली घेऊन गाडी लावून देणाऱ्या हॉटेलला, चिठ्ठीवर "मालकाच्या जबाबदारीवर" एवढं छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही, हा 2019 चा निकाल आहे.

नाशिकच्या सिंहस्थासारखाच गुरू सिंह राशीत असताना कुंभकोणमचा महामहम येतो. मागचा 2016 साली झाला, पुढचा 2028 साली आहे. तिकडे जाणाऱ्यांनी साखळी बरोबर न्यावी. पण त्या क्रमांकाच्या फोटोसाठी तोवर थांबू नका. तो आजच काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवा.