चित्रगप्पा

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत, जिथे घरातल्या निदान एकाने तरी सकाळीच चर्चगेटची लोकल गाठलेली असते, तिथे तीन वर्षांच्या मुलाशी होणारे संभाषण बहुधा ‘जेव’, ‘झोप’, ‘चप्पल घाल’ अशा फर्मानांपुरतेच उरते. आणि सायंकाळी फुरसत काढून ‘आज काय केलंस?’ असे विचारावे, तर ‘काही नाही’ एवढाच जबाब मिळतो. यात लबाडी नसते. समोर काहीही नसताना सरलेला दिवस आठवून क्रमाने कथन करणे हे त्या वयाला दुष्कर असते. तेच मूल स्वयंपाकघराचे चित्र पाहताच ‘आमच्या कुकरची शिट्टी झाली की मी कान झाकतो’ असे आपण होऊन सांगू लागते. बालवाडीच्या ताई यालाच चित्रगप्पा म्हणतात.

ही युक्ती नवी नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने 1658 साली न्युरेंबर्ग येथे मुलांसाठी जे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही भटारी, शिंपी आणि न्हावी आपापल्या कामात मग्न होतेच. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन 1945 मध्ये बोर्डीस जे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि 1957 मध्ये कोसबाडला नेले, त्याचेही अधिष्ठान हेच, की मुलाच्या भोवतालची सृष्टी ही त्याच्या शिक्षणाची पहिली सामग्री होय.

मराठीत या दृष्टीने माधुरी पुरंदरे यांचे कार्य मला सर्वांत मोलाचे वाटते. लेखणी आणि कुंचला दोन्ही त्यांच्याच हाती असल्यामुळे शब्द आणि चित्र यांच्यात भाऊबंदकी नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या ‘राधाचं घर’ या त्यांच्या मालिकेत राक्षस नाहीत, पराक्रम नाहीत. घरची माणसे आणि त्यांचे नित्याचे व्यवहार, एवढाच ऐवज. तरीही आपण दुकानातून हटकून जिराफाचे पुस्तक आणतो, ज्याच्याविषयी आई आणि मूल या दोघांचाही अनुभव सारखाच तोकडा!

पुस्तक उघडल्यावर मात्र ‘हे काय? ते काय?’ अशी उलटतपासणी आरंभू नये. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मोकळे प्रश्न विचारून मुलाच्या बोलण्यात भर घालण्यास शिकवलेल्या पालकांची मुले अवघ्या महिन्याभरात भाषेत इतरांच्या पुढे गेलेली दिसली. चित्रातल्या विहिरीकडे पाहून मूल ‘आमच्याकडे टँकर येतो’ म्हणाले, तर विहीर बाजूस ठेवून टँकरच्या मागे जावे: तो कधी येतो, पाइप कोण लावतो, पाणी टाकीत कसे चढते. चित्र आपल्या घराशी तंतोतंत जुळलेच पाहिजे, हा आग्रह मला व्यर्थ वाटतो. जेथे ते जुळत नाही, तेथेच मुलाला सांगण्यासारखे काही सापडते. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्या चित्रावर, ज्याच्या सोसायटीच्या गच्चीला कायम कुलूप असते ते मूल किती प्रश्न उपस्थित करील, ते पाहावे.

एकाच जिन्यावर मराठी, गुजराती आणि हिंदी नांदणाऱ्या या वस्तीत आणखी एक सोय अशी, की चित्राची गोष्ट ज्याने त्याने आपल्या घरच्या बोलीत सांगावी. शिवाय प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015 पासून तीच चित्रे अनेक भाषांतून विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे, शेजारच्या घरीही तेच पुस्तक उघडता येते.