जावा बेटांतील भातकरी गांव : जमिनीचा कागद व रात्रीची राखण

शेतकऱ्याची जिंदगी दोन वाटांनीं जाते. एक वाट चोराची व दुसरी कागदाची. चोरी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशीं गांवभर बोभाटा होतो. परंतु कागदाच्या हयगयीनें गेलेली जमीन गेल्याचें बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या वेळीं कळतें. इंडोनेशियांतील जावा बेट भातशेतीसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील गांवकऱ्यांनीं व सरकारनें या दोन्ही वाटा अडविण्यासाठीं काय व्यवस्था केली, ती कोठें उपयोगी पडली व कोठें अपुरी ठरली, हें आपल्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

गांवाची रचना

जावा बेटाचें क्षेत्र आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनहि कमी आहे. परंतु २०२० सालच्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या सुमारें १५ कोटी १६ लाख भरली. या दाटीमुळें जमिनीचे तुकडे फार लहान पडले आहेत. २०१३ सालच्या शेतकी गणनेंत सबंध इंडोनेशियांतील सुमारें २ कोटी ६१ लाख शेतकरी कुटुंबांपैकीं १ कोटी ४२ लाख कुटुंबांच्या ताब्यांत अर्ध्या हेक्टरहून, म्हणजे सव्वा एकराहून, कमी जमीन आढळली. अशा शेतकऱ्याचा एक बांध सरकला तरी त्याच्या वर्षाच्या पोटापाण्यांत तूट येते.

गांवास तेथें 'देसा' म्हणतात. हा आपला 'देश' शब्दच होय. गांवच्या जमिनीचे तीन प्रकार मानतात. बांध घालून पाणी कोंडलेलीं भातखाचरें तीं 'सावाह'. पावसावर पिकणारी कोरडवाहू जमीन ती 'तेगालान'. आणि घराभोंवतालची नारळ, केळी, भाजीपाला यांची वाडी ती 'पकारांगान'. ज्वालामुखीच्या राखेनें जमीन कसदार झालेली असल्यामुळें पाणी असेल तेथें वर्षांत भाताचीं दोन व क्वचित् तीनहि पिकें घेतात. भाताची देवता 'देवी स्री' म्हणजे आपली श्रीच. गांवकरी बहुतेक मुसलमान झाले तरी तिचें नांव अद्यापि लोकांच्या तोंडून गेलेलें नाहीं.

गांवचा मुख्य 'लुराह' हा लोकांनीं निवडलेला असतो. त्याच्या हाताखालीं दप्तर ठेवणारा 'चारिक', पाणी वांटणारा 'उलु-उलु' व बंदोबस्त पाहणारा 'जगबय' असे अंमलदार असत, आणि हीं जुनीं नांवें पुष्कळ ठिकाणीं आजहि ऐकूं येतात. 'जगबय' या शब्दांत 'जागणें' व 'भय' हीं दोन्ही आपल्यास ओळखीचीं पदें आहेत. या अंमलदारांस पगाराऐवजीं 'बेंकोक' नांवाची जमीन लावून देण्याची वहिवाट होती. ती आपल्याकडील वतनी जमिनीसारखी दिसते खरी. परंतु ती हुद्द्याबरोबर येते व हुद्द्याबरोबर जाते, मुलाकडे उतरत नाहीं. हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

जमिनीच्या हक्काचा इतिहास

जावाच्या शेतकऱ्याचा हक्क फार काळ डळमळीत होता. १८११ ते १८१६ या काळांत बेट इंग्रजांच्या ताब्यांत असतां रॅफल्स या अधिकाऱ्यानें जमीनमहसुलाची पद्धति सुरू केली. मद्रास इलाख्यांतील रयतवारीशीं तिचें नातें होतें. पुढें डच सरकारनें १८३० पासून गांवांस आपल्या जमिनीच्या पांचव्या हिश्शांत ऊंस, नीळ अशीं निर्गतीचीं पिकें काढावयास लाविलें. प्रत्यक्षांत कित्येक ठिकाणीं हा हिस्सा वाढला. शिवाय स्थानिक सरदार शेतकऱ्याची म्हैस उघड उघड ओढून नेत. १८६० सालीं मुल्तातुली या टोपणनांवानें एका माजी डच अधिकाऱ्यानें लिहिलेल्या 'मॅक्स हाव्हेलार' या कादंबरींत हाच जुलूम वर्णिला आहे, आणि तिच्यामुळें हॉलंडांत मोठी खळबळ उडाली.

१८७० सालीं नवा जमीन-कायदा आला. त्याबरोबरच्या हुकुमान्वयें ज्या जमिनीवर कोणाची मालकी सिद्ध होणार नाहीं ती सरकारची असें ठरलें. म्हणजे सिद्ध करण्याचा बोजा रयतेवर पडला, आणि रयतेजवळ तर कागद नव्हता. देश स्वतंत्र झाल्यावर १९६० सालच्या पांचव्या क्रमांकाच्या कायद्यानें हें तत्त्व रद्द होऊन शेतकऱ्याचा पूर्ण हक्क मान्य झाला. या हक्कास 'हाक मिलिक' म्हणतात. 'हक्क' व 'मिल्कियत' हे आपल्या दप्तरांत आलेले अरबी शब्दच तेथें गेले आहेत. हा हक्क परदेशी माणसास मिळत नाहीं.

पावती म्हणजे मालकी नव्हे

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. गांवच्या चारिकाजवळ 'लेतेर चे' नांवाची एक वही असते. तींत खातेदाराचें नांव, जमिनीचा क्रमांक, प्रत, क्षेत्र व आकार हीं लिहिलेलीं असून, जमीन विकली किंवा वारसाकडे गेली तर तें कारण व तारीख मांडण्यास निराळा रकाना असतो. आपल्याकडील फेरफाराची नोंद पाहिलेल्या माणसास ती वही परकी वाटणार नाहीं. या वहीच्या आधारें खातेदारास 'गिरिक' किंवा 'पेतोक' नांवाचा कागद मिळे. शेतकरी तो पेटींत जपून ठेवी व हीच माझी सनद असें समजे.

परंतु ती वही मुळांत करवसुलीसाठीं होती. 'अमक्यानें कर भरावा' एवढेंच ती सांगते. 'जमीन अमक्याची' असें सांगत नाहीं. मालकीचें प्रमाणपत्र निराळें असून तें जिल्ह्याच्या भूमि-कचेरींतून मोजणी व नकाशा होऊन मिळतें. तें काढण्यास खर्च व खेपा पडतात म्हणून लाखों शेतकऱ्यांनीं तें काढलेंच नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी एकमेकांचे बांध ओळखीत होते तोंवर अडचण भासली नाहीं. शहरें वाढलीं, रस्ते व कारखाने आले, जमिनीस भाव आला, आणि मग एकाच खाचरावर दोघांचे कागद निघूं लागले.

यांत गरीब कुळंबी कसा फसतो तें पाहावें. १९९७ सालच्या नोंदणीच्या नियमांत असें कलम आहे कीं, एखाद्यानें प्रामाणिकपणें जमीन मिळवून ती ताब्यांत ठेविली व तिचें प्रमाणपत्र काढलें, आणि त्यानंतर पांच वर्षांत कोणीं लेखी हरकत घेतली नाहीं किंवा दावा लावला नाहीं, तर पुढें दुसऱ्यास हक्क सांगतां येत नाहीं. पोटासाठीं शहरांत किंवा परदेशीं मजुरीस गेलेल्या माणसास पांच वर्षें केव्हांच निघून जातात. घरीं पेटींत गिरिक असतो व शेत दुसऱ्याचें झालेलें असतें.

त्यावर २०२१ सालच्या नियमानें आणखी एक पाऊल टाकिलें. जुने गिरिकादि कागद ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं पांच वर्षांच्या आंत जमीन नोंदवावी, ती मुदत संपल्यावर ते कागद हक्काचा पुरावा म्हणून चालणार नाहींत, केवळ नोंदणीच्या चौकशींत खूण म्हणून उपयोगी पडतील, असें ठरलें. ही मुदत २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंतची. सरकारनेंहि २०१७ पासून गांवेंच्या गांवें एकदम मोजून प्रमाणपत्रें देण्याची मोहीम चालविली आहे. सबंध देशांत १२ कोटी ६० लाख तुकडे आहेत असा तिचा अंदाज होता. मोजणीच्या दिवशीं चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनीं बांधावर हजर राहून हद्द कबूल करावी लागते. एक दिवस शेजारी हजर राहिला तर पुढील वीस वर्षांचा तंटा वाचतो.

गहाण, वारसा व सुगीचा वांटा

अडल्या वेळीं खाचर सावकाराच्या कब्जांत गहाण देण्याची चाल तेथेंहि जुनी आहे. १९६० सालच्या जमीन-मर्यादेच्या हुकुमांत या बाबतींत एक फार उपयुक्त कलम घातलें गेलें. गहाणाची जमीन सात वर्षें किंवा अधिक सावकाराच्या कब्जांत राहिली असेल, तर उभें पीक निघाल्यावर एका महिन्याच्या आंत ती मूळ धन्यास परत द्यावी व पैसे मागूं नयेत. इतक्या वर्षांच्या उत्पन्नांत कर्ज फिटलें असें मानावयाचें. कलम उत्तम, पण तें ज्यास ठाऊक त्यासच तारतें. हिरव्या पिकावर आगाऊ पैसे घेण्याची 'इजोन' नांवाची पद्धतहि तेथें आहे व तिच्यांतील तोटा आपल्याकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको.

वारशांत मुलींसहि वांटा मिळतो. मुलास कावडीच्या दोन पारड्यांइतका व मुलीस पाठीवरील एका ओझ्याइतका अशी म्हण आहे. कित्येक घरीं सर्व मुलांस सारखाच वांटा देतात. मात्र वांटणी तोंडी राहिली व नोंद मेलेल्या बापाच्या नांवावरच चालली, तर पुढें भावंडांत कलह ठरलेलाच.

ज्यांस जमीन नाहीं त्यांची जिंदगी म्हणजे सुगीचा वांटा. पूर्वीं पीक तयार झालें म्हणजे गांवांतील कोणीहि बाई 'आनि-आनि' नांवाची बोटांत धरावयाची लहान पाती घेऊन शेतांत उतरे, एक एक लोंबी कापी व कापलेल्या भाताचा ठराविक हिस्सा घरीं नेई. यास 'बावोन' म्हणतात. १९७० च्या सुमारास उभें पीक व्यापाऱ्यास विकण्याची चाल वाढली. व्यापारी आपले मोजके मजूर व विळे घेऊन येऊं लागला, भात सडण्याच्या गिरण्या आल्या, आणि गरीब बायांचा हा न लिहिलेला हक्क बराचसा गेला.

रात्रीची राखण

गांव सुमारें कांहीं घरांच्या गटांत विभागलेलें असतें. या शेजाऱ्यांच्या मंडळास 'रुकुन तेतांगा' म्हणतात. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलांत तें सुरू झालें व पुढेंहि टिकलें. बाहेरगांवचा पाहुणा रात्रभर राहणार असेल तर मंडळाच्या प्रमुखास वर्दी द्यावी अशी पाटी पुष्कळ ठिकाणीं दिसते. घरटी एक माणूस पाळीपाळीनें रात्रीची गस्त घालतो. तिला तेथें 'रोंडा' म्हणतात, आपण 'रोंद' म्हणतों तसें.

चौकीवर बांबूचा किंवा लांकडाचा पोकळ ओंडका टांगलेला असतो. त्यास 'केंतोंगान' म्हणतात. त्याचे टोले ठरलेले आहेत. सर्वसाधारणपणें एकेक टोला म्हणजे खून, दोन दोन म्हणजे घरांत चोर, तीन तीन म्हणजे आग, चार चार म्हणजे पूर किंवा तसेंच संकट, आणि पांच पांच म्हणजे गुराढोरांची चोरी. ढोरांच्या चोरीस स्वतंत्र इशारा असावा, यावरूनच त्या गांवांत बैल-म्हशींचें मोल किती तें कळतें. सर्व क्षेम असल्याचा ठोकाहि निराळा आहे.

या गस्तीचा खरा चतुरपणा 'जिंपितान' या चालींत आहे. प्रत्येक घरानें दाराबाहेर एका लहानशा डब्यांत चिमूटभर तांदूळ ठेवावयाचा व गस्तकऱ्यांनीं रात्रीं फिरून तो गोळा करावयाचा. आतां पुष्कळ ठिकाणीं तांदुळाऐवजीं नाणें ठेवितात. त्यामुळें आजारी माणसासाठीं किंवा रस्तादुरुस्तीसाठीं निधि जमतो हा एक लाभ. दुसरा लाभ असा कीं, सकाळीं डबा रिकामा असला तर गस्त दारापर्यंत येऊन गेली हें घरधन्यास कळतें, आणि भरलेला राहिला तर पाळी कोणाची होती हें विचारतां येतें. दप्तर न ठेवितां हिशेब ठेवण्याची यापेक्षां सोपी रीत क्वचितच सांपडेल.

या व्यवस्थेची काळी बाजू

शेजाऱ्यांवर उभी असलेली राखण शेजाऱ्यांत फूट पडली म्हणजे उलटते. १९६० च्या कायद्याप्रमाणें जादा जमिनीची वांटणी रेंगाळली तेव्हां साम्यवादी शेतकरी संघानें १९६३ नंतर कित्येक गांवीं जमिनी परभारें ताब्यांत घेण्याचा प्रयत्न केला व जमीनदार पक्षाशीं हातघाई झाली. १९६५-६६ सालीं मध्य व पूर्व जावांत आणि बाली बेटांत जी कत्तल झाली, तिच्यांत सबंध देशांत पांच लाख किंवा त्याहूनहि अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. मारणारे व मरणारे पुष्कळ ठिकाणीं एकाच गांवचे होते. पुढें १९९८ सालीं पूर्व जावांतील बान्यूवांगी भागांत चेटूक करितात या संशयानें अनेकांस ठार मारण्यांत आलें. जो केंतोंगान चोरावर लोक जमवितो तोच निरपराध्यावरहि लोक जमवूं शकतो. म्हणून धरलेला चोर न मारतां पोलिसांच्या स्वाधीन करणें हा गस्तीचा पहिला नियम असला पाहिजे.

आपणांस घेण्याजोगें

जावाच्या या हकीकतींतून दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. राखण शेजाऱ्यांच्या एकीनें होते, ती पैशानें विकत मिळत नाहीं. आणि हक्क मात्र शेजाऱ्यांच्या आठवणीवर ठेवूं नये, तो कागदावर आणून ठेवावा. आपल्याकडेहि सारा भरल्याची पावती म्हणजे मालकीचा दस्तऐवज नव्हे. खातेदार मयत झाला कीं वारसाची नोंद वेळेवर करून घ्यावी, खरेदीखत झालें कीं फेरफार मंजूर झाल्याची खात्री करावी, गहाण फिटलें कीं बोजा कमी करून घ्यावा, व वर्षांतून एकदां सातबाराचा उतारा काढून घरांतील सर्वांसमोर मोठ्यानें वाचावा. या कामास अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस न काढल्यामुळें ज्यांच्या जमिनी गेल्या अशीं घरें जावांत पुष्कळ आहेत व आपल्याकडेहि थोडीं नाहींत.