क्लाउडवरचं मशीन: चालू करण्याआधी बंद करायला शिका

आजचा विषय क्लाउडवरची व्हर्च्युअल मशीन. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. जुन्या वाड्यात चार-पाच बिऱ्हाडं राहायची, आठवतं ना? छप्पर एक, आड एक. पण प्रत्येकाचं दार वेगळं आणि कुलूपही वेगळं. तसंच एका मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचा प्रोग्राम प्रोसेसरचे आणि मेमरीचे वाटे करून देतो. प्रत्येक वाट्यात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालते. तो वाटा म्हणजे व्हर्च्युअल मशीन. ही कल्पना १९६०च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर आली. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ सेवा काढून असे वाटे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली.

आता समजा, केळीचे रोजचे भाव दाखवणारं छोटं संकेतस्थळ तुम्हाला चालवायचं आहे. पहिला प्रश्न येतो, मशीन कुठे घ्यायचं? मायक्रोसॉफ्टचं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. तुमचे वापरणारे मेहरूण, रावेर, धुळे इथले असतील तर यातलंच एक निवडा. फॉर्ममध्ये बऱ्याचदा अमेरिकेतलं केंद्र आधीच भरलेलं असतं, ते बघून बदला. नाहीतर प्रत्येक क्लिक सातासमुद्रापार जाऊन परत येईल.

आकार लहानच घ्या. शिकण्यापुरतं लिनक्स एक जीबी मेमरीत चालतं.

मग येते किल्ली. एसएसएचसाठी किल्लीची फाइल मिळते. अ‍ॅमेझॉनवर ती एकदाच डाउनलोड करता येते, म्हणून जपून ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवू नका. पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, फक्त आपल्या आयपी पत्त्यासाठी उघडा. सगळ्या जगाला उघडं ठेवलं, तर दारं ढकलून बघणारे स्वयंचलित प्रोग्राम लगेच येतात.

आता खरा मुद्दा, बिल. विद्यार्थी खातं उघडतो, कार्ड मात्र वडिलांचं असतं. म्हणून हे नीट ऐका. मशीन ‘थांबवलं’ की प्रोसेसरचं भाडं थांबतं, डिस्कचं थांबत नाही. घर बंद ठेवलं तरी गोदामाचं भाडं चालूच, असा प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर तर आणखी एक गोम आहे. लिनक्सच्या आतून शटडाउन केलं तरी भाडं चालूच राहतं. पोर्टलवर जाऊन मशीन थांबवावं लागतं, तेव्हा ते सुटतं. आणि अ‍ॅमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं. रक्कम किरकोळ वाटते. पण तीस दिवसांचे ७२० तास धरले, तर ३.६ डॉलर होतात, तेही एका पत्त्याचे.

बजेटचा इशारा पहिल्याच दिवशी लावा. पण लक्षात ठेवा, इशारा म्हणजे नुसती ईमेल. ती मशीन बंद करत नाही.

तेव्हा आजचा गृहपाठ असा. एक मशीन बनवा, आत शिरा, बाहेर या आणि ते कायमचं काढून टाका. मग डिस्क, आयपी पत्ता आणि स्नॅपशॉट यांच्या याद्या उघडून काही मागे राहिलंय का बघा. दुसऱ्या दिवशी बिलाचं पान तपासा. तिथे नवी रक्कम वाढत नसेल, तर केळीच्या भावाचं काम खुशाल सुरू करा.

चला, आता प्रश्न घेऊ.