तारा लावल्या नाहीत तर पोरगी पुढे बोल लावेल का?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय माझ्या घरातून आलाय. तुमच्याही घरात तो कधी ना कधी डोकावून गेला असेल.

झालं असं, की मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तीही इथेच माटुंग्यात राहते, फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला. तिची लेक १२ वर्षांची. वरचे पटाशीचे दात जरा पुढे आहेत म्हणून दवाखान्यात दाखवलं, तर तारा सांगितल्या. दोन वर्षं, आणि खर्च साठ हजारांच्या घरात. बहीण म्हणाली, "ताई, पैशाचं बघू काहीतरी. पण खरं सांग, आत्ता नाही केलं तर मोठेपणी पोरगी मला बोल लावेल का? आत्मविश्वास जातो म्हणतात, जबडा दुखायला लागतो म्हणतात."

मला विचारायचं कारण म्हणजे १४व्या वर्षी मीही तारा लावल्या होत्या. पण एकटीच्या अनुभवावर सल्ला देणं काही खरं नाही. म्हणून बसले आणि वाचलं. त्यातलं जे हाती लागलं ते आज सांगते.

दात सरकतो म्हणजे काय होतं?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते. तारेचा हलका दाब सतत राहिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. दात असा इंचाइंचाने, खरं तर मिलिमीटरच्याही अंशाने सरकतो. म्हणून दोन वर्षं लागतात. जोर जास्त लावला तर दात लवकर सरकत नाही, उलट मुळाची टोकं झिजण्याचा धोका वाढतो. थोडी झीज बऱ्याच जणांत होतेच, पण ती बहुतेक वेळा त्रास देण्याइतकी नसते.

या शास्त्राला आजचं रूप दिलं ते अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी. १८९९ साली त्यांनी वाकड्या चाव्याचे तीन वर्ग पाडले, ते डॉक्टर आजही वापरतात. पण अँगलचे वर्ग एवढंच सांगतात की दाढा एकमेकींवर कशा बसतात. त्या तशा बसल्याने माणूस आजारी पडतो का, हा प्रश्न वेगळा. आपला प्रश्न तोच आहे.

आधी शरीराचं बघू

जबड्याचं दुखणं. यावर अमेरिकेत कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत, तारांमुळे सांधा बिघडला म्हणून. दुसरीकडे तारा लावल्या की सांधा सुधारतो असंही सांगितलं जातं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात मुलांचा २० वर्षं पाठपुरावा झाला. त्यातून निघालं ते असं: तारांमुळे जबड्याचं दुखणं होतही नाही आणि टळतही नाही.

हिरड्या. २००८ साली अमेरिकेत यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. उपचार घेतलेल्यांच्या हिरड्या सुधारलेल्या दिसल्या नाहीत. उलट अगदी किंचित फरक दिसला, तोही वाईट बाजूला: हाडाची झीज सरासरी ०.१३ मिलिमीटर जास्त. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण हिरड्यांसाठी तारा लावा, हे कारणही टिकत नाही.

कीड. दात सरळ असले की घासायला सोपे, म्हणून कीड कमी, हे ऐकायला पटतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी ४४८ जणांना १३व्या वर्षापासून तिशीपर्यंत पाहिलं. तारा लावलेल्यांत कीड कमी आढळली नाही. कीड ठरते ती रोजच्या घासण्यावर आणि गोडावर. उलट तारा असताना नीट घासलं नाही, तर ब्रॅकेटच्या कडेने पांढरे डाग पडतात आणि ते राहून जातात.

आता मनाचं

पुन्हा कार्डिफ. १९८१ साली तिथे ११-१२ वर्षांच्या १०१८ मुलांचे दात तपासले आणि त्यांना स्वतःबद्दल काय वाटतं तेही नोंदवलं. २० वर्षांनी, ती मुलं तिशी ओलांडत असताना, त्यातले ३३७ जण पुन्हा भेटले. ज्यांना गरज होती आणि ज्यांनी उपचार घेतला, त्यांचे दात जास्त सरळ होते आणि स्वतःच्या दातांवर ते जास्त खूशही होते. पण लहानपणी आत्मसन्मान किती होता ते हिशेबात धरल्यावर, मोठेपणीच्या मानसिक आरोग्यावर तारांचा फारसा परिणाम उरला नाही. आणि माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर: गरज असूनही ज्यांना उपचार मिळाला नाही, त्यांना पुढे त्यामुळे मानसिक त्रास झाल्याचं दिसलं नाही.

गंमत बघा. या अभ्यासामागे विल्यम शॉ होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत कोणाला तारा द्यायच्या हे ज्या मोजपट्टीने ठरतं, ती १९८९ साली मांडणाऱ्या दोघांतले एक हेच. म्हणजे तारांचा विरोधक बोलतोय असं नाही.

ॲडलेडच्या अभ्यासातही तेच. तिशीत, तारा न लावलेले लोक उलट थोडे जास्त आशावादी निघाले. याचा अर्थ तारांनी माणूस निराश होतो, असा मुळीच नाही. तारांकडे जातात ती मुलं बऱ्याचदा आधीच स्वतःच्या दिसण्यावर नाराज असतात. तो फरक तारा लावण्याआधीचाही असू शकतो.

मग आपल्याला असं का वाटतं, की तारा काढल्या आणि पोर एकदम खुललं? कारण तारा असतात १३ ते १६च्या काळात, आणि त्याच काळात मुलं एरवीही खुलतात. रुईयाच्या नाक्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पोरांकडे बघा. आठवीत ही मुलं मान खाली घालून चालायची, यावर विश्वास बसत नाही. त्याचं श्रेय आपण तारांना देऊन टाकतो.

अर्थात या अभ्यासांनाही मर्यादा आहेत. १०१८ पैकी ३३७च परत भेटले. उपचार ८०च्या दशकातले होते, तंत्र आज बदललंय. आणि चिठ्ठ्या टाकून "तुला तारा, तुला नाही" असं कुणी केलेलं नव्हतं. शिवाय हे तिशीतलं चित्र आहे. १३-१४ वर्षांच्या मुलांत उपचारानंतर हसणं-बोलणं, चारचौघांत मिसळणं काहीसं सुधारतं, हेही अभ्यासांत दिसलंय. ज्याला वर्गात रोज "दातऱ्या" म्हणतात, त्याला "तिशीत सगळं ठीक होईल" सांगून काय उपयोग? त्याला उद्या सकाळी शाळेत जायचंय.

मग गरज कधी खरी?

काही बाबतींत वाट बघू नये. सुळा हाडात अडकून शेजारच्या दाताचं मूळ खात असेल. खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन दात घासले जात असतील, किंवा हिरडी सोलत असेल. टाळू दुभंगलेली असेल. आणि वरचे दात फारच पुढे असतील, कारण पडल्यावर सगळ्यात आधी तेच तुटतात. असे दात लवकर मागे घेतले तर तुटण्याचं प्रमाण कमी होतं, याला चांगला पुरावा आहे. शॉ यांच्या मोजपट्टीत पाच पायऱ्या आहेत. दात ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी, ९हून जास्त असतील तर पाचवी. भाचीचे दात होते साधारण ४ मिलिमीटर. म्हणजे मधलीच अवस्था. लावल्या तर चालेल, नाही लावल्या तरी चालेल.

माझी चूक

तारा काढल्यावर मला रिटेनर दिला होता, रात्री घालायचा. सहा महिने घातला, मग तो डबीत गेला आणि डबी कपाटात. आज माझे खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढलेत. वाचताना कळलं, मी एकटी नाही. सिएटलमध्ये रॉबर्ट लिटल यांनी रिटेनर बंद केलेल्या रुग्णांना २० वर्षांनी पाहिलं, तेव्हा जेमतेम १० टक्क्यांचे खालचे दात समाधानकारक सरळ राहिले होते. म्हणजे तारा दोन वर्षांच्या असतात, पण रिटेनर जवळजवळ जन्माचा. हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. तसंच हेही: उपचार करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत ना, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस, दात काढावे लागणार का, आणि वर्षभर थांबलो तर नुकसान काय.

दुसरं मत घ्यायला आपल्याला लांब जायला नको. माटुंगा रोडवरून धीमी गाडी पकडली की मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, आणि इकडून सीएसएमटीला उतरलं की सरकारी दंत महाविद्यालय. दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. खर्च खासगीपेक्षा बराच कमी, पण रांग असते आणि दर महिन्याला सकाळ मोडते. आम्ही दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं: घाई नाही.

परत येताना मी भाचीला विचारलं, कारण तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, मला फोटोत तोंड मिटून हसायचा कंटाळा आलाय."

तिच्या तारा जूनमध्ये लागतील. मी बहिणीला सांगितलं, हे तिला हवंय म्हणून कर, तब्येतीच्या भीतीने नको. आणि कुणाला हे परवडत नसेल, किंवा पोराला नकोच असेल, तर त्या आईवडिलांनी मनाला लावून घेऊ नये. बहिणीचं समाधान झालं. भाचीला मात्र मी माझी कपाटातली डबी दाखवून ठेवली आहे.

तुमच्या घरी काय ठरलं, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.