दान पडलं, हे कोण ठरवणार?

क्रॅप्स या अमेरिकी कॅसिनोतल्या खेळात दोन्ही फासे एकाच हाताने टाकायचे असतात आणि ते टेबलाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून मागे यावे लागतात. त्या भिंतीला रबराचे टोकदार उंचवटे असतात. बोटांच्या कसबाने घसरवत नेलेल्या फाशाची चलाखी तिथे मोडून पडते. फासा टेबलाखाली गेला तर दान रद्द होतं, आणि टेबलावर देखरेख करणाऱ्या बॉक्समनने तपासल्याशिवाय तो फासा पुन्हा खेळात येत नाही. चिपांच्या चळतीला टेकून तो तिरका राहिला, तर टेकू काढल्यावर कोणती बाजू वर येईल ते पाहून आकडा पुकारतात. भिंतीला न लागलेलं दान काही कॅसिनोंत ताकीद देऊन चालवूनही घेतात. म्हणजे नियम कितीही बारीक असले, तरी शेवटचा शब्द टेबलावरच्या माणसाचा असतो, आणि तो माणूस कॅसिनोचा पगारी असतो.

माजलगावात आमच्या घरी दिवाळी पाडव्याला सारीपाट निघतो. पटाच्या कडेला टेकून तिरक्या राहिलेल्या फाशावरून तंटा झाला नाही, असा पाडवा मला आठवत नाही. त्या तंट्यांतूनच द्यूताचे जुने नियम वाचण्याचा नाद लागला. पाडव्याचा डाव तर शास्त्रानेच सांगितलेला आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये निर्णयसिंधू लिहिला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी द्यूत खेळावं आणि त्या दिवशी जिंकणाऱ्याचं वर्ष जयाचं जातं, ही परंपरा त्यात नोंदलेली आहे. याच दिवशी पार्वतीने शंकराला हरवलं, असं पुराण सांगतं.

वेदकाळी फासा म्हणजे बेहड्याचं फळ. ढिगातून फळं उचलायची आणि चारचारने मोजायची. बाकी शून्य आली तर कृत, एक उरलं तर कली, अशी त्या खेळाची मांडणी अभ्यासक करतात. विदर्भाचा जावई नल याला ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळाली तीही बेहड्याच्याच झाडाजवळ, फळं-पानं मोजता मोजता. पुढे पाणिनीच्या एका सूत्रावर लिहिताना काशिकाकारांनी पंचिका नावाचा खेळ सांगितला. पाचही अक्ष उताणे किंवा पाचही पालथे पडले, तरच टाकणारा जिंकला. कौटिल्याने द्यूतासाठी अध्यक्ष नेमला. फासे आणि कवड्या त्यानेच पुरवायच्या, कोणी त्या बदलल्या तर बारा पणांचा दंड, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा. विष्णुस्मृती त्याहून कठोर आहे. खोटा फासा वापरणाऱ्याचा हात तोडावा, आणि कपटाने खेळणाऱ्याचा अंगठा व तर्जनी, असं ती म्हणते. बनावट फासा वेगळा आणि बनावट फेक वेगळी, हा भेद आपल्याकडे इतका जुना आहे. क्रॅप्समधली रबरी भिंत यातल्या दुसऱ्या गुन्ह्यासाठीच उभी आहे.

या सगळ्या वाचनात मला खरं घबाड सापडलं ते विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ च्या दरम्यान, कल्याणी या चालुक्यांच्या राजधानीत याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका लिहिली गेली. आजचं बसवकल्याण ते हेच, आणि आपला मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. वारसाहक्काच्या खटल्यांमुळे मिताक्षरेचं नाव वकिलांच्या तोंडी राहिलं. द्यूताचं प्रकरण मात्र कोणी फारसं उघडत नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीतल्या साक्षीदारांच्या नियमात अपात्रांची यादी आहे. वेडा, मद्यपी यांच्याबरोबर तिथे जुगारीही बसवला आहे. जमिनीचा तंटा असो की कर्जाचा, त्याची साक्ष चालत नाही. आणि द्यूताच्या प्रकरणात तीच स्मृती सांगते की या व्यवहारांचे निवाडे करणारे आणि साक्षीदार दोघेही जुगारीच असावेत! विज्ञानेश्वर इथे थांबून स्पष्ट करतो की साक्षीदारांवरचा तो निषेध या ठिकाणी लागू नाही. राजाने निर्णयासाठी खेळणाऱ्यांनाच नेमावं.

ही तडजोड नव्हती, असं माझं ठाम मत आहे. फासा बोटांतून सुटला की घसरला, मुठीत घोळला की नुसता ठेवला, हे वेदपारंगत पंडिताला कळणार नाही. ते कळतं आयुष्य पटावर घालवलेल्या माणसाला. ज्याच्या शब्दावर एरवी कोणी विश्वास ठेवणार नाही, त्याच्या डोळ्यावर इथे विश्वास ठेवायचा, हा निर्णय घेणारा स्मृतिकार माणसं ओळखणारा होता.

या व्यवस्थेत जुगारघराचा चालकही आहे. त्याला सभिक म्हणत. जिंकलेल्या रकमेतून तो शेकडा पाच घेई, लहान डावात शेकडा दहा. त्याने राजाचा वाटा द्यायचा आणि जिंकणाऱ्याला त्याचे पैसे मिळवून द्यायचे. डाव उघडपणे, सभिकाच्या देखरेखीखाली झाला असेल आणि राजाचा वाटा पोचला असेल, तर राजाही वसुलीला मदत करी. चोरून खेळलेल्या डावाला ते संरक्षण नव्हतं. पण दान पडलं की नाही, हा प्रश्न चालकाच्या हातात दिलेला नव्हता. पैसे सांभाळणारा एक आणि निवाडा करणारे दुसरे, ही वाटणी मला त्या अख्ख्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. खोटे फासे वापरणाऱ्याला डाग देऊन हद्दपार करायचं. नारदस्मृती तर त्याच्या गळ्यात फाशांची माळ घालून धिंडवडे काढते.

हे कळल्यावर सभापर्व पुन्हा वाचलं. हस्तिनापुरातल्या त्या डावात फाशावर काय पडलं, ते महाभारत एकदाही सांगत नाही. युधिष्ठिर पण लावतो, शकुनी फासे टाकतो आणि ‘जिंकलं’ म्हणतो. आकडा नाही, बाजू नाही, पाहणारा नाही. दुर्योधनाच्या वतीने मामाने खेळणं विषम आहे, ही हरकत युधिष्ठिराने आधीच घेतली होती आणि तरीही तो बसला. इतक्या मोठ्या सभेत फासे वाचणारा एकही माणूस नेमलेला नव्हता. पुढे द्रौपदीने विचारलं, की स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावता येतं का? भीष्मांना उत्तर देता आलं नाही. विकर्ण बोलला, तर त्याला गप्प केलं गेलं. शकुनीच्या फाशांविषयी आपण पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी रचल्या. माझ्या मते दोष फाशांहून अधिक त्या न बोलणाऱ्या सभेचा आहे.

पक्षपाती साक्षीदार पाहायचा तर वेरूळला जावं. शिवपार्वतीच्या द्यूताचा प्रसंग तिथे एकाहून अधिक लेण्यांत कोरला आहे. एकविसाव्या रामेश्वर लेण्यात आहे, एकोणतिसाव्या धुमार लेण्यात आहे. मला जास्त बोलतं वाटतं ते चौदावं, रावण की खाई. दोघं खेळायला बसली आहेत, खाली नंदी आणि लहानखुरे गण, आणि दोघांच्या मधे, जरा मागे, डाव पाहणारा भृंगी. स्कंदपुराणाच्या केदारखंडात पार्वती शंकराचं सारं काही जिंकते. तेव्हा हाच भृंगी मधे पडतो. शंकर हरूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. समोर पडलेलं दान त्याला दिसत नाही, त्याला आपला स्वामी दिसतो. पार्वती त्याला शाप देते, शंकराच्या अंगावरची कौपीनही जिंकून घेते, आणि शंकर रानात निघून जातो. शिल्पकारांनी भृंगीला नेमकी पंचाची जागा दिली, हे पाहताना मला विज्ञानेश्वराचा नियम अधिक नीट समजला. पंचाला खेळ कळलाच पाहिजे. पण तो कोणाचा भक्त असता कामा नये.

वाघ्या-मुरळी जागरणात सांगतात त्या कथेत सारीपाट खंडोबा आणि म्हाळसा खेळतात. खंडोबा मुद्दाम हरतो, पैजेप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो आणि बाणाईकडे जातो. दान खरं, हार खरी, तरी फसवणूक झाली ती म्हाळसेचीच. फेकणाऱ्याच्या मनात काय होतं, हे मात्र कोणत्याच साक्षीदाराला सांगता येत नाही. तिथे कायदा थिटा पडतो.

आजचा कायदा तर दानापर्यंत पोचतच नाही. मुंबई इलाख्यात १८८७ मध्ये आलेला जुगारबंदी कायदा जागा आणि साधनं पाहतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं, त्यामुळे पैज जिंकल्याचा दावा घेऊन कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. गोव्यात मात्र कायद्याने वाट मोकळी केली आणि मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली.

जुगार वाढावा असं मला मुळीच वाटत नाही. त्याने उठलेली घरं आपल्या जिल्ह्यातही थोडी नाहीत. पण जिथे सरकार परवाना देऊन, कर घेऊन फासे टाकू देतं, तिथे दान ग्राह्य की अग्राह्य हे ठरवण्याचा अधिकार एकट्या जुगारघराकडे ठेवणं अन्यायाचं आहे. भिंत, कॅमेरे, पारदर्शक फासे हे सगळं हवंच. त्यांच्या जोडीला हरण्या-जिंकण्यात ज्याचा पैसा गुंतलेला नाही असा, खेळातला जाणता आणि सरकारने नेमलेला पंच हवा. नऊशे वर्षांपूर्वी बसवकल्याणला बसलेल्या एका टीकाकाराला ही गरज कळली होती. परवाने देणाऱ्यांनी त्याचं हे प्रकरण एकदा वाचावं.