संत्र्यावरचा रोग मातृवृक्षातच शोधायला हवा

संत्र्याची पानं पिवळी पडली की बागायतदार जस्ताची फवारणी करतो. बऱ्याचदा त्याचा अंदाज बरोबरही असतो. पण तसाच पिवळेपणा ‘ग्रीनिंग’ या जिवाणूजन्य रोगातही येतो. जस्त कमी पडलं तर पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, ग्रीनिंगमध्ये एका बाजूचे डाग दुसरीशी जुळत नाहीत. मात्र रोगट झाडावर जस्ताच्या कमतरतेसारखी लक्षणंही दिसत असल्याने जाणकारही चकतात. शिवाय लागण झाल्यावर कित्येक महिने झाड निरोगीच दिसतं. याच काळात त्याचे डोळे जंबेरीच्या खुंटावर भरले, तर कलमांबरोबर रोग गावोगाव पोचतो. त्यामुळे बाग पिवळी पडेपर्यंत थांबण्यापेक्षा, डोळे काढण्याआधीच मातृवृक्षाची डीएनए चाचणी व्हायला हवी.

या रोगाचा जिवाणू, ‘कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस’, झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. इतर अनेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखता येतात, तसा हा येत नाही, म्हणून इथे डीएनएचाच आधार घ्यावा लागतो. पानाची मध्यशीर कुटून डीएनए वेगळा करतात आणि त्यात फक्त या जिवाणूच्या जनुकाशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, घालतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएच्या साखळ्या सुट्या होतात, तापमान उतरवलं की प्रायमर चिकटतात आणि ७२ अंशांच्या आसपास नवी साखळी तयार होते. दर फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या, तत्त्वतः, १०० कोटींहून अधिक! जिवाणू नसेल, तर प्रायमरला चिकटायला जागाच मिळत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे निरोगी फांदीचं पान घेतलं तर चाचणी फसते. म्हणूनच चारही बाजूंच्या फांद्यांची पानं घ्यावीत आणि ठरावीक काळाने चाचणी पुन्हा करावी. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण एका मातृवृक्षापासून शेकडो कलमं होतात, त्यांवर वाटला की तो खर्च किरकोळ ठरतो. सिट्रस सायला ही कीड स्वच्छ कलमालाही पुढे लागण करू शकते, हे खरंच. तरीही लागवडच रोगट असेल, तर किडीला बागेतच जिवाणूचा साठा मिळतो.

फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं संत्र्याचं उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घटलं. लागण झालेलं झाड पूर्ण बरं करणारा खात्रीचा उपाय आजही नाही. त्यामुळे कलमं घेताना मातृवृक्षाचा चाचणी अहवाल मागणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तो देणं रोपवाटिकांना बंधनकारक असायला हवं.